लग्नाची तारीख आणि पुढचे चार दात

तुळशीचं लग्न लागलं की दोन ठिकाणी गर्दी होते. एक मंगल कार्यालयात आणि दुसरी दातांच्या दवाखान्यात. कार्यालयवाला विचारतो, ‘तारीख कोणती?’ दवाखान्यात हाच प्रश्न उलटा येतो. पेशंटच डॉक्टरांना तारीख सांगतो. आमच्या वऱ्हाडात तर एकदम थेट : ‘डॉक्टरसाहेब, मे महिन्यात लगन हाय. तोवर समोरचे दात अंदर जातीन का?’

आता या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकायची तयारी फार थोड्यांची असते. कारण ‘सहा महिन्यांत स्माइल’ असं सांगणारं पॅकेज शेजारच्या गल्लीत मिळतं. पुढचे चार-सहा दातच तर हलवायचे, त्याला दोन वर्षं कशाला? ऑफिसात प्रोजेक्ट सहा महिन्यांत संपतो, मग दात का नाही?

गंमत अशी की, दोघंही खोटं बोलत नसतात. सहा महिन्यांत पुढचे दात मागे गेलेले ‘दिसू’ शकतात. फक्त तेव्हा दाताचं डोकं मागे गेलेलं असतं, पाय नाही. आणि खरा घोळ तिथेच आहे.

खांब आणि माती

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की तीस-पस्तीस किलोमीटरवर गुरुकुंज मोझरी लागतं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली जिथे आश्रम उभा केला ते गाव. या रस्त्याने जाताना खिडकीतून शेतांकडे बघा. काळ्या मातीतले तारेच्या कुंपणाचे खांब दिसतील. त्यातले किती तरी कललेले असतात. का? तार खांबाच्या वरच्या टोकाला ताणलेली असते आणि खांबाला धरून ठेवणारी माती खाली असते. वरून ओढलं की खांब सरकत नाही, कलंडतो. वरचं टोक तारेकडे जातं आणि मातीतलं टोक थोडं उलट्या दिशेला उचकतं.

तुमचा पटाशीचा दात म्हणजे हाच खांब. वरच्या जबड्यातल्या मधल्या दाताचा दिसणारा भाग साधारण १० मिलिमीटर. हाडात लपलेलं मूळ त्याहून लांब, १३ मिलिमीटरच्या आसपास. डॉक्टर ब्रॅकेट चिकटवतात ते दिसणाऱ्या भागावर, कारण दुसरीकडे चिकटवायला जागाच नाही. पण दात ज्या बिंदूपाशी हाडाला ‘पेलून’ धरलेला असतो, तो बिंदू असतो मुळावर, हाडाच्या आत. एकच मूळ असलेल्या दातात हाडाच्या कडेपासून मुळाच्या एक तृतीयांश ते निम्म्या खोलीदरम्यान. याला प्रतिरोधाचं केंद्र म्हणतात. जोर बरोबर या केंद्रातून गेला तर दात उभाच्या उभा सरकेल. पण तिथे हात पोचत नाही. ब्रॅकेट आणि हे केंद्र यांच्यात ८ ते १० मिलिमीटरचं अंतर राहतं. म्हणून ब्रॅकेटला धरून नुसतं मागे ओढलं की दात कलंडतो. डोकं मागे, मुळाचं टोक पुढे.

बाहेरून फोटो झकास येतो. आत मुळाचं टोक हाडाच्या पुढच्या पातळ भिंतीला जाऊन टेकलेलं असू शकतं.

दहास एक हा आकडा

मग उपाय काय? ओढण्याबरोबरच दाताला पीळ द्यायचा. म्हणजे एका हाताने खांब ओढायचा आणि दुसऱ्या हाताने तो कलंडू नये म्हणून उलटा फिरवायचा. ऑर्थोडॉन्टिस्ट मंडळींची सगळी कसब या दोन हातांच्या हिशोबात असते. ओढण्याचा जोर ग्रॅममध्ये आणि पीळ ग्रॅम-मिलिमीटरमध्ये मोजायचा, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचं. येणारा आकडा दाताचं भविष्य सांगतो. पत्रिकेपेक्षा जास्त खात्रीने!

आकडा शून्याच्या आसपास असेल, म्हणजे पीळ नाहीच, तर दात बेलगाम कलंडणार. साधारण ७ असेल तर मुळाचं टोक जागेवर राहून फक्त डोकं मागे येणार. १० च्या आसपास गेला की दात अख्खा सरकतो. आणि १२ झाला की डोकं जागेवर, मूळ फिरतं. हे आकडे प्रत्येकाच्या मुळाच्या लांबीप्रमाणे आणि हाडाप्रमाणे थोडे बदलतात, पण क्रम हाच.

पीळ द्यायचा तर गोल तार चालत नाही. गोल तार खाचेत नुसतीच फिरते. नटाला गोल पाना लावल्यासारखं. अमेरिकेतल्या एडवर्ड अँगल यांनी १९२८ मध्ये चौकोनी खाचेत चौकोनी तार बसवायची पद्धत मांडली. आज तुमच्या-आमच्या दातांवर जे ब्रॅकेट दिसतात ते त्याच घराण्यातले. म्हणून उपचारांच्या सुरुवातीला बारीक गोल तारा असतात आणि पुढे जाड, चौकोनी तारा येतात. ‘दात तर सरळ झाले, आता ही जाड तार कशाला?’ असं वाटतं ना, नेमकं तेव्हाच मुळाचं काम सुरू होत असतं. निम्म्याहून जास्त पेशंट कंटाळतात तेही तेव्हाच की काय, असं दवाखान्यातली कुरकूर ऐकून वाटतं.

खंजिरी बोटांनी वाजते

पीळ कळला. आता जोर किती? इथे आपली जिमवाली बुद्धी आड येते. जास्त जोर, जास्त रिझल्ट. दातांत नेमकं उलटं आहे.

दात हाडात सिमेंटने चिकटवलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये धाग्यांची एक पातळ गादी असते, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीची. तिच्यातून बारीक रक्तवाहिन्या जातात. हलका जोर पडला की दाबाच्या बाजूला हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात आणि ताणाच्या बाजूला नवं हाड बनतं. असा दात चालत जातो. पण जोर जास्त झाला तर गादीतला रक्तपुरवठाच दबतो. तिथल्या पेशी मरतात आणि दात काही आठवडे ठप्प! आधी बाजूच्या हाडातून ती मेलेली जागा साफ व्हायची, मग पुढची हालचाल. कार्ल सँडस्टेट यांनी १९०४ मध्ये कुत्र्यांच्या दातांवर प्रयोग करून हे पाहिलं होतं. १९३२ मध्ये श्वार्त्झ यांनी सांगितलं की, जोर सूक्ष्म रक्तवाहिन्यांतल्या दाबापेक्षा जास्त नको. म्हणजे मुळाच्या एका चौरस सेंटिमीटरला साधारण २० ते २६ ग्रॅम.

व्यवहारातले आकडे असे : दात नुसता कलंडवायला ३५ ते ६० ग्रॅम. अख्खा सरकवायला ७० ते १२० ग्रॅम, कारण तेव्हा जोर पूर्ण मुळावर वाटला जातो. आणि दात हाडात वर दाबायला फक्त १० ते २० ग्रॅम, कारण तेव्हा सगळा भार मुळाच्या टोकाशी एकवटतो. पाच रुपयांची दोन-तीन नाणी तळहातावर ठेवून बघा. बस्स, एवढंच वजन. तुकडोजी महाराजांची खंजिरी ज्यांनी ऐकली असेल त्यांना हे लगेच पटेल. खंजिरी बोटांनी वाजते. मूठ मारली तर फक्त फाटते.

इथे फाटतं ते मूळ. जोर जास्त किंवा दिशा चुकीची असेल तर मुळाचं टोक झिजून आखूड होण्याचा धोका वाढतो. आणि याचा सगळ्यात जास्त फटका बसतो वरच्या पुढच्या दातांनाच. आखूड झालेलं मूळ परत वाढत नाही. म्हणून ‘डॉक्टर, जरा घट्ट करा ना, लवकर होईल’ हे वाक्य कृपया डिक्शनरीतून काढून टाका.

मागे येता येता खालीही येतो

पुढे आलेले दात कलंडवून मागे घेतले की आणखी एक भानगड होते. दरवाजा बिजागरीवर फिरतो तसा दात फिरतो आणि त्याची कड मागे येता येता खालीही येते. मग वरचे दात खालच्या दातांना जास्त झाकू लागतात. हसताना हिरडीही जास्त दिसू शकते. म्हणजे बाहेरून एक तक्रार गेली आणि दुसरी आली.

ते टाळायचं तर दात वरही दाबायला हवेत. पण पुन्हा तोच तिढा. ब्रॅकेट दाताच्या पुढच्या पृष्ठावर, म्हणजे केंद्राच्या पुढे. तिथून वर दाबलं की दात वर जाता जाता पुढे झुकतो. अमेरिकेतल्या चार्ल्स बर्स्टन यांनी या सगळ्याचा हिशोब मांडण्यात आयुष्य घातलं. दाढेपासून थेट पुढच्या दातांपर्यंत जाणारी, मधल्या दातांना न चिकटणारी लांब तार ही त्यांच्या कामाची खूण. एका टोकाला फक्त जोर, दुसऱ्या टोकाला जोर आणि पीळ. त्यामुळे कुठे किती ग्रॅम पडतात ते मोजता येतं.

आणि न्यूटनला विसरून कसं चालेल? पुढचे दात मागे ओढताना तेवढ्याच जोराने मागच्या दाढा पुढे ओढल्या जातात. जागा करण्यासाठी सुळ्यामागची उपदाढ काढली तर साधारण ७ मिलिमीटर जागा मिळते. त्यातली किती पुढच्या दातांनी घ्यायची आणि किती दाढांना गिळू द्यायची, हे आधी ठरवावं लागतं. दाढा अजिबात हलायला नकोत असतील तर हाडात छोटा स्क्रू बसवून त्याला ओढायचं. जपानच्या कानोमी यांनी १९९७ मध्ये असा बारीक स्क्रू खालचे पुढचे दात दाबायला वापरून दाखवला. आता तो आपल्याकडेही नवीन राहिलेला नाही.

आता तारखेचा हिशोब तुम्हीच करा. दात सरकण्याचा वेग महिन्याला साधारण १ मिलिमीटर. ७ मिलिमीटरला सात महिने. त्याआधी वाकडेतिकडे दात रांगेत आणायला काही महिने. त्यानंतर मुळं उभी करायला आणि शेवटची सफाई करायला आणखी काही. दीड-दोन वर्षं ही डॉक्टरांची चालढकल नसते. साधी बेरीज असते.

मोझरी ते अमरावती, अमरावती ते पुणे

समजा, एक मुलगी मोझरीची आहे. दातांना तारा अमरावतीत लावल्या. दर महिन्याला एसटीने जाऊन यायचं. मध्ये पुण्यात नोकरी लागली. आता काय? हा प्रश्न आपल्या वाचकांपैकी अनेकांचा आहे. आणि त्याचं निम्मं उत्तर तारेच्या जाडी-लांबीत आहे.

तारेची जाडी दुप्पट केली की तिचा ताठरपणा दुप्पट होत नाही, १६ पट होतो. आणि दोन आधारांमधली तिची मोकळी लांबी दुप्पट केली की ताठरपणा आठवा हिस्सा उरतो. ताठ, आखूड तार पहिल्या दिवशी भरमसाट जोर देते आणि दात किंचित हलला की जोर संपतो. पहिले चार दिवस ठणका, उरलेला महिना आराम. लांब किंवा लवचिक तार कमी जोर देते, पण दात हलला तरी तो जोर टिकतो. जो पेशंट दूरून येतो, महिन्याऐवजी दीड महिन्याने येतो, त्याच्यासाठी हाच खरा फायदा. डॉक्टर तारेत वेटोळी घालतात ती नक्षी नसते, तारेची लांबी वाढवण्याची युक्ती असते.

धातूही बदलला. निकेल-टायटॅनियम हा ‘लक्षात ठेवणारा’ धातू अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडला आणि १९७० च्या दशकात आयोवाच्या जॉर्ज अँड्रीसन यांनी तो दातांत आणला. १९८० मध्ये बर्स्टन आणि गोल्डबर्ग यांनी बीटा-टायटॅनियमची तार पुढे आणली. तिचा ताठरपणा स्टीलच्या निम्म्याहूनही कमी.

पण एक लक्षात घ्या. जोर टिकतो म्हणजे तुम्ही दवाखाना विसरलात तरी तार कामावरच असते. ब्रॅकेट निखळलं, तार सरकली आणि तुम्ही चार महिने फिरकलाच नाहीत, तर ती दाताला नको तिथेही नेऊन ठेवते. म्हणून गाव बदलताना बॅग भरण्याआधी डॉक्टरांकडून उपचारांच्या आधीचे एक्स-रे, फोटो, दातांचे साचे, पुढचा प्लॅन आणि ब्रॅकेटचा प्रकार लिहून घ्या. ब्रॅकेटची खाच दोन मापांची असते. नव्या डॉक्टरांना ते माप कळलं की त्यांचं निम्मं डोकं वाचतं आणि तुमचे महिने.

आणि हो, चांगला इलाज पुण्या-मुंबईतच मिळतो हा गैरसमज सोडा. अमरावतीत विदर्भ यूथ वेल्फेअर सोसायटीचं डेंटल कॉलेज आहे, नागपुरात सरकारी डेंटल कॉलेज आहे, सावंगी मेघेला शरद पवार डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात वेळ जास्त जातो, पण एका केसकडे दोन-चार जण बघतात.

खर्रा, अलायनर वगैरे

आता जरा कडू. खर्रा खाणाऱ्या दोस्तांनो, हे तुमच्यासाठी. तंबाखू आणि हिरड्यांचा आजार यांची जुनी मैत्री आहे. हिरड्या बिघडल्या की दाताभोवतीचं हाड खाली बसतं. पावसाने खांबाभोवतीची माती वाहून गेल्यासारखं. मग ते प्रतिरोधाचं केंद्र मुळाच्या टोकाकडे सरकतं, ब्रॅकेटपासूनचं अंतर वाढतं आणि पूर्वीच्याच जोराला दात जास्त कलंडतो. म्हणजे तुमच्या दाताला जोर कमी आणि पीळ जास्त लागतो. तिशीनंतर तारा लावता येतात, चाळिशीतही येतात. पण आधी हिरड्या, मग तारा. हा क्रम उलटा करू नका.

‘मग पारदर्शक अलायनर घेऊ का? मीटिंगमध्ये दिसत नाहीत.’ घ्या ना. १९९७ मध्ये सुरू झालेल्या अलाइन कंपनीने ते घरोघरी नेले. पण प्लॅस्टिकही दाताचं डोकंच धरतं. कलंडवणं त्याला सोपं जातं, मूळ फिरवणं जड जातं. म्हणून दातावर छोटे उंचवटे चिकटवतात आणि काही केसेसमध्ये तारांशिवाय गत्यंतर नसतं. पोस्टाने साचा मागवून घरबसल्या दात सरळ करून देणारी अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हा अर्धवट उपचारांतले अनेक जण वाऱ्यावर सुटले. दात घरी राहून सरकतीलही, पण एक्स-रे बघणारा माणूस लागतोच.

आणि तारा निघाल्या म्हणजे सुटलो, असंही नाही. हिरडीतले ताणलेले धागे नव्या जागेला सरावायला वर्षभरही घेतात. तोवर ते दाताला जुन्या घरी ओढत राहतात. दात फिरलेला असेल तर जास्तच. म्हणून रिटेनर. तो डबीत ठेवण्यासाठी दिलेला नसतो.

खुर्चीत बसण्याआधी विचारा

१. माझे पुढचे दात कलंडवून मागे घेणार की मुळासकट?

२. मुळं आणि हाड कसं आहे? मध्ये एकदा एक्स-रे काढून मुळं तपासणार का?

३. दाढा पुढे येऊ नयेत म्हणून काय करणार?

४. मला दीड महिन्याने यायला जमेल. त्याप्रमाणे तारा निवडता येतील का?

५. तुम्ही ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एमडीएस केलंय का? नसेल तर ते केलेले डॉक्टर माझी केस बघणार का?

६. रिटेनर किती दिवस?

हे सहा प्रश्न विचारल्यावर डॉक्टर वैतागले तर दुसरीकडे जा. खूश होऊन कागदावर दात काढून समजावू लागले तर तिथेच बसा.

राहिला प्रश्न लग्नाच्या तारखेचा. ती पुढे ढकलायची गरज नाही. दातांवर तारा असतानाही लग्न लागतं, अक्षता पडतात, फोटो निघतात. फोटोपुरती तार काढून नंतर पुन्हा बसवता येते का, हे डॉक्टरांना नक्की विचारा. काही टप्प्यांवर ते जमतं. अल्बम वर्षातून एकदा बघितला जातो. मुळं मात्र पुढची पन्नास वर्षं भाकरी चावणार आहेत.